जाखाईचा उंबरा

“पाणी चढावर चढतं का हो, पाटलीणबाई?”

तिपाईवरच्या दुर्बिणीतून डोळा काढून वैरागडे मॅडमनी मला विचारलं. मे महिना, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि आम्ही दोघी वरच्या गल्लीच्या टोकाला उभ्या. समोर बाबू हजारेच्या घराची भिंत. बाबूनं भिंतीवर छातीच्या उंचीला बोट ठेवलं होतं आणि ते काही केल्या खाली यायला तयार नव्हतं.

“हितपतूर आलं हुतं बगा मॅडम पुराचं पाणी. आयशप्पत.”

“अहो, तुमच्या खालच्या घरचे कमरेएवढं म्हणतात. तुमचं घर त्यांच्यापेक्षा एवढं उंचावर. मग तुमच्याकडे छातीपर्यंत कसं येईल?”

बाबूनं डोकं खाजवलं. “वरनं आलं आसंल.”

“वरनं काय डोंबल येतंय?” मी म्हणाले. “वर तुझा गोठा हाय. म्हस मुतली व्हय रं एवढं?”

मॅडमना हसू आवरेना. बाबू काही हसला नाही. त्यानं बोट तेवढं घट्ट दाबून धरलं.

मी त्या वेळी कुरणवाडीची पोलीस पाटील होते. बाई पोलीस पाटील म्हटलं की लोकांना आधी हसू यायचं, मग माझं तोंड सुटलं की ते जायचं. मालनवैनीपेक्षा खरे पोलीस परवडले, असं माझ्या पाठीमागं म्हणायचे. ते मला ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. त्या साली तालुक्यानं वारणाकाठच्या गावांचा पुराचा धोका मोजायला घेतला होता. कुठल्या घरात किती पाणी शिरू शकतं, कुठली गल्ली आधी रिकामी करायची, माणसं न्यायची कुठं, हे सगळं पाऊस लागायच्या आत ठरवायचं होतं. त्यासाठी वैरागडे मॅडम आल्या होत्या. भंडाऱ्याकडच्या, अंगानं काडी, वय पंचविशीचं, उन्हानं नाक सोललेलं. आणि त्यांना गाव दाखवायला मी.

आता आमच्या गावाची गंमत अशी होती की मागच्या मोठ्या पुरानंतर ज्याच्या घरात पाणी जास्त त्याला मदत जास्त मिळाली होती. झालं! अख्ख्या गावानं पाणी चढवून सांगितलं. घोट्याएवढं होतं ते कमरेला नेलं, कमरेएवढं होतं ते आढ्याला. आणि एकदा सरकारला छाती म्हणून सांगितल्यावर दुसऱ्या सरकारी माणसाला घोटा कसा दाखवायचा? म्हणून मॅडम ज्या ज्या दारात गेल्या तिथं तिथं बोटं वरच. त्यांच्या नकाशावर आमच्या गावातलं पाणी नुसतं वर-खाली उड्या मारत होतं.

खरं बोलली ती एकटी येसाआजी. तिची जागा नदीकडच्या गल्लीत. जागाच, कारण घर त्या पुरातच बसलं होतं. तिथं आता चार पत्रे मारलेली खोली होती आणि दारात येसाआजी शेंगा फोडत बसलेली.

“आजी, तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?” मॅडमनी विचारलं.

“घर पडलं की माझं,” आजी म्हणाली. “खूण काय हवेत दावू?” आणि पुन्हा शेंगांकडं वळली.

दुपारी मॅडम चावडीच्या सावलीत बसल्या आणि कपाळाला हात लावला. “पाटलीणबाई, काहून असं करतात हो हे लोक? मी ह्यांच्याच जिवासाठी मोजतेय ना?”

“खोटं न्हवं मॅडम ते, जरा फुगवून हाय,” मी म्हणाले. पण मला लाज वाटली.

तेवढ्यात त्यांचं लक्ष चावडीच्या मागच्या भिंतीकडं गेलं. चावडीला पूर आल्यापासून चुना लागला नव्हता. भिंतीवर गाळाची एक पिवळट रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. चावडीला मदत मिळणार नव्हती, त्यामुळं चावडीची भिंत खरं बोलत होती. मॅडम उठल्याच. दुर्बीण लावली, मला मापाची उंच पट्टी धरायला लावली, आणि त्या एका रेघेवरून त्यांनी अख्खा गाव मोजत नेला. पाण्याची पातळी सगळीकडं सारखीच असणार, म्हणाल्या, घरं तेवढी वर-खाली असतात. सांजपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी आली होती.

मग आम्ही देवळाशी आलो आणि ती टवटवी गेली.

जाखाईचं देऊळ नदीच्या काठालाच. घाटाकडून बघाल तर पायऱ्याच पायऱ्या, देऊळ आभाळात असल्यासारखं. आणि आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या सांगत आलेले की नदी कितीही फुगू दे, पाणी आईच्या उंबऱ्याला शिवून माघारी फिरतं, आत जात नाही. मागच्या मोठ्या पुरात सगळा गाव बोटीत घालून कारखान्याच्या गोदामात नेला होता. तिथले हाल विचारू नका. लहान पोरांना जुलाब, म्हाताऱ्यांना खोकला, जनावरं तर वाऱ्यावरच. पण माघारी आलो तेव्हा आई कोरडी होती. तेवढ्या एका गोष्टीवर गाव पुन्हा उभा राहिला. तेव्हाच सरपंच सर्जेराव खराड्यांनी ठरवलं, पुन्हा गाव सोडायचा नाही. पूर आला की सगळे आईच्या पायाशी. त्यांनी खटपट करून देवळापुढं मोठा सभामंडप बांधून घेतला, पंखे लावले, बाजूला संडास काढले. मॅडमच्या आराखड्यात निवाऱ्याची जागा म्हणून तेच लिहायचं, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी दुर्बीण लावली. बघितलं. पुन्हा लावली. मला म्हणाल्या, “चावडीवरून इकडं येताना रस्ता उतरतो, लक्षात येतं का तुमच्या?”

“न्हाई ओ. देऊळ उंचावर हाय की.”

“नदीकडनं उंच आहे. गावाकडनं खाली आहे. चावडीवरची रेघ जर खरी असेल तर ह्या उंबऱ्याच्या आत कमरेच्या वर पाणी असलं पाहिजे होतं.”

मी आजूबाजूला कुणी ऐकतंय का बघितलं. विश्वास बसला म्हणून नाही, ही पोर असं काही गावापुढं बोलली तर हिची धडगत नाही म्हणून.

“हळू बोला,” मी म्हणाले. “हितं आत पाणी येत न्हाई मॅडम. समद्यास्नी ठावं हाय.”

“पाणी काय दारात थांबतं का, पाटलीणबाई? भिंतीच्या बाहेर माणूसभर आणि आत कोरडं?”

आता ह्याला उत्तर काय? आई आहे म्हणून, हे उत्तर मला तोंडपाठ होतं. पण त्या पोरीच्या सोललेल्या नाकाकडं बघून ते ओठावर येईना. माझी सून तेव्हा पाचव्या महिन्यात होती. पूर आला तर तिला मी इथंच आणून बसवणार होते, ह्याच मंडपात, पंख्याखाली. बाहेर पडायला एक वाट गावाकडची, ती आधी बुडणार, आणि दुसरी नदीकडची. एवढं डोळ्यापुढं आलं आणि मला देवळात उभं राहवेना.

“आत एकदा पट्टी धरून बघू,” मॅडम म्हणाल्या. “मूर्तीपाशी.”

गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणी जात नाही. केरबा गुरव तिथंच चिंचेनं समया घासत बसला होता. साठीचा माणूस, एकटा, तोंडात शब्द म्हणून नाही. पुरात सगळे बोटीत बसले तेव्हा हा एकटा देवळात राहिला होता, दिवा विझू नये म्हणून. तेव्हापासून गावात त्याला मान होता. लोक वाटेत भेटले की त्याच्या पाया पडत. तो मात्र पाय मागं घ्यायचा.

मी त्याला सांगितलं, “केरबामामा, ही पट्टी आत न्या आनि आईच्या बाजूला सरळ उभी धरा.”

तो पट्टी घेऊन आत गेला. मॅडम मंडपातून दुर्बिणीत बघत होत्या. “मामा, पट्टी हलवू नका,” त्या म्हणाल्या. पट्टी हलतच होती. मी डोकावून बघितलं, तर केरबा पट्टीकडं नाही, आईच्या मूर्तीकडं बघत होता. मला वाटलं, वय झालं.

बाहेर आल्यावर मी त्याला सरळच विचारलं, “मामा, मोठ्या पुरात तुमी हितंच हुतासा. पाणी आत आलं हुतं काय?”

त्यानं पट्टी भिंतीला टेकवली. “सांज झाली,” म्हणाला. “दिवा लावतो.” आणि लावायला गेला.

ग्रामसभा त्याच मंडपात भरली, दोन दिवसांनी, सकाळी. मी घरोघर हिंडून माणसं गोळा केली होती. येसाआजी यायला तयार नव्हती, गुडघे धरलेत म्हणाली. “तुजंच घर समद्यात नदीला लागून हाय आनि तूच न्हाई व्हय येणार?” म्हणत मी तिला बखोटीला धरून आणली आणि मंडपाच्या खांबाला टेकवून बसवली.

मॅडमनी नकाशा भिंतीला लावला. शांतपणे सगळं सांगितलं. कुठली गल्ली आधी, कुठली नंतर. लोक माना डोलावत होते. मग त्या म्हणाल्या, “निवाऱ्यासाठी देऊळ चालणार नाही. माळावरची शाळा घ्यायला लागेल.”

मंडपात एकदम गलका उठला. शाळा? त्या गळक्या खोल्या? लाइट तरी आहे का तिथं? एक जण म्हणाला, आईला सोडून आम्ही माळावर जाऊ व्हय? सर्जेराव हात वर करून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. गावासाठी मरमर मरायचा, फक्त आपण केलेल्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्याचे कान लाल व्हायचे. आताही झाले होते.

“मॅडम, तुमचं शिक्षण मोठं, आमी मान्य करतो,” ते म्हणाले. “पण तुमाला आमचं गाव कळलं न्हाई. कारखान्याच्या गोदामात आमची म्हातारी माणसं मेली. तवा ठरवलंय, पुन्यांदा न्हाई. म्हातारी माणसं, बाळंतिणी, पोटुशा बाया, ह्यास्नी तर मी गाभाऱ्याच्या दाराशी बसवणार. का? तर तितं पाणी येत न्हाई. आलं न्हाई, येणार न्हाई.”

“साहेब, माझ्या मापात...” मॅडम बोलायला गेल्या.

“माप ऱ्हाऊ दे. माणूस आणतो,” सर्जेराव म्हणाले. “डोळ्यानं बघितलेला माणूस हाय आमच्यात. केरबा! ये, म्होरं ये. मॅडमास्नी सांग. मोठ्या पुरात आईच्या उंबऱ्याच्या आत पाणी गेलं हुतं का?”

केरबा गाभाऱ्याच्या दाराशी उभा होता. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सर्जेराव तर उत्तर आधीच मिळाल्यासारखे हसत होते.

केरबानं खाली उंबऱ्याकडं बघितलं. मग माझ्या सुनेकडं बघितलं. ती पुढच्याच ओळीत बसली होती, पोटावर पदर घेऊन. तेव्हा मला कळलं नाही तो तिकडं का बघतोय.

“गेलं हुतं,” तो म्हणाला.

कुणाला ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

“काय म्हणालास?” सर्जेरावांनी विचारलं.

“गेलं हुतं, सरपंच. पाणी आत गेलं हुतं.”

आणि मग जे काय सुरू झालं! खोटं बोलतोय म्हणून कुणी ओरडलं. मॅडमनी फितवला म्हणून कुणी. मागून एक पोरगं बाह्या सरसावत उठलं, “आईच्या दारात उभं ऱ्हाऊन खोटं बोलतूस व्हय रं?” म्हणत पुढं आलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

“हात लावून बग,” मी म्हणाले. “तुझ्या बापाला बी इचारून ये आधी, मालन पाटलीण काय करती ते. बस खाली! माणूस बोलतोय ते ऐका जरा.”

पोरगं बसलं. केरबा तिथंच दाराला धरून बोलायला लागला. अख्ख्या जन्मात तो एवढं बोलला नसेल.

“तुमी समदी बोटीत बसून गेलासा. मी दिवा सोडंना. पाणी पायऱ्या चढून आलं, उंबऱ्याला लागलं. मी हात जोडून उभा ऱ्हायलो, म्हणलं, आता फिरंल. फिरलं न्हाई. माज्या पायावरनं आत गेलं. आईच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं. मी तिचं लुगडं वर खोचत ऱ्हायलो, येड्यागत. दिवा इजला. मग मी बी देवळाच्या माळ्यावर चढलो, आनि वरनं बगत बसलो. आई छातीपतूर पाण्यात हुती.”

बाह्या सरसावलेलं पोरगंही आता पुढं सरकून ऐकत होतं.

“पाणी वसरलं. गाळ हातानं भाईर काढला. आईला न्हाऊ घातलं, लुगडं वाळवलं, नेसवलं. तंवर तुमची पयली बोट आली. तुमी घरं बघायच्या आधी हितं आलासा. कुणाची चूल न्हाई, कुणाचं छप्पर न्हाई. आनि इचारलं काय? तर केरबा, आईच्या उंबऱ्याच्या आत पाणी गेलं न्हाई न्हवं? तुमची तोंडं बघितली. माजी जीभ उचलली न्हाई. म्हणलं, ह्यांचं समदं गेलं, येवढं तरी ऱ्हाऊ दे ह्यांच्यापाशी. न्हाई म्हणून गेलो.”

तो थांबला. मग सर्जेरावांकडं बघून म्हणाला, “मग तुमी मंडप बांधाय काढलासा. माणसं हितंच आणायची म्हणालासा. रोज बगत हुतो, एकेक खांब उभा ऱ्हातोय. रोज म्हणायचो, आज सांगतो. आनि तुमी माझ्या पाया पडायचासा. सरपंच, ती पोटुशी पोर हितं आणून बसवू नगासा. माज्यामुळं बसवू नगासा.”

मी सुनेशेजारी जाऊन बसले. माझ्या सुनेनं माझा हात धरला. मी पोलीस पाटील, गावाला दरडावणारी, पण तेव्हा कुणी मला नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सर्जेराव खाली बसले. नुसते बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर. आता काय होणार, केरबाला गाव वाळीत टाकणार की मॅडमना हाकलणार, हेच माझ्या डोक्यात. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. एवढा मोठा आधार गेला होता त्यांचा, काय बोलतील?

तेवढ्यात खांबाशी बसलेली येसाआजी म्हणाली, “केरबा, छातीपतूर म्हणालास?”

“व्हय, आजी.”

“आनि अंधार हुता?”

“दिवा इजला हुता. दोन रात्री अंधार हुता.”

येसाआजी खांबाला धरून उठली. “मी गोदामात हुती तवा,” ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळेना. “आमचं मातारं तितंच खोकून खोकून गेलं. माघारी आली तर घर न्हाई. आनि समदी सांगाय लागली, आई कोरडी हाय, आईला थेंब लागला न्हाई. मला असला राग आला म्हणून सांगू! म्हणलं, आमचं समदं धुऊन न्हेलं आनि ही बया कोरडी बसली? वरनं गंमत बगत? तवापास्नं ह्या देवळाची पायरी चढली न्हाई मी. गुडघं धरल्यात म्हणून सांगती, पर गुडघं काय धरलं न्हाईत. ह्या मालनीनं आज वढून आणली.”

ती चालत गाभाऱ्याच्या दाराशी गेली. केरबा बाजूला झाला. म्हातारी उंबऱ्याशी खाली बसली, आत आईकडं बघितलं आणि लेकीशी बोलावं तशी बोलली.

“तू बी पाण्यातच हुतीस व्हय गं? मला कुठं ठावं हुतं. लई गार लागलं आसंल न्हवं, बाई?”

मला तर हुंदकाच फुटला. माझ्या शेजारची बाई रडायला लागली, तिच्या मागची लागली. गडीमाणसं छताकडं बघायला लागली. केरबा दाराच्या चौकटीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडत होता, आणि येसाआजी त्याच्या पायावर थापटत होती, “गप, गप. आता सांगितलंस न्हवं? गप.” मॅडमनी चष्मा काढून ओढणीनं पुसला, घातला, पुन्हा काढला. एवढं रडलो आम्ही, पण मरणाच्या घरी रडतात तसं ते नव्हतं. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आया रडतात, तसं होतं.

कुणी तरी नाक शिंकरलं आणि मागून आवाज आला, “मॅडम.”

बाबू हजारे उभा होता.

“माझ्या घरात पाणी आलंच न्हाई,” तो म्हणाला. “दारातनं माघारी गेलं. आईच्या न्हाई, माझ्या उंबऱ्यावरनं फिरलं.”

मंडपात असा हशा उठला की कबुतरं उडाली. बाबूचं ऐकून खालच्या घरचा उठला, “माझ्यात घोटाभर हुतं, कंबर न्हवती.” तिकडनं एक बाई म्हणाली, आमच्यात पावशेर तांदूळ भिजलं तेवढंच. दहा जण एकदम बोलायला लागले. ज्यानं त्यानं आपलं पाणी खाली आणलं. मॅडम म्हणत होत्या, “एकेक जण, एकेक जण,” आणि हसत होत्या. सर्जेराव जमिनीवरून उठले, धोतर झटकलं, दोनदा खाकरले.

“ते समदं ठीक हाय,” ते म्हणाले. “पर शाळेचं छप्पर गळतंय त्याचं काय? आनि म्हातारी माणसं माळावर चढणार कशी? बोला की आता! का नुसतं रडायचं आनि हसायचं?”

हा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडला. त्यांनी तिथल्या तिथं कामं वाटली. पत्रे कुणी टाकायचे, ट्रॅक्टर कुणाचे न्यायचे, वैरण आधी कुणी वर नेऊन ठेवायची. मंडपाचे पंखे काढून शाळेत लावायचे, हेही तेच म्हणाले. फक्त एका गोष्टीवर पुन्हा वादावादी झाली. माणसं माळावर जाणार, मग आईचं काय? मूर्ती जागची हलत नाही, घडीव दगडाची, जमिनीत रुतलेली. तेव्हा येसाआजी म्हणाली, पालखीतला मुखवटा न्यायचा की. ती काय इथं एकटी बसणार आहे का पुन्हा? झालं, वाद तिथंच मिटला.

सभा उठल्यावर मी केरबाजवळ गेले. मंडप रिकामा झाला होता. विचारलं, “मामा, बरं वाटतंय का?”

तो जरा विचार करून म्हणाला, “भूक लागलीया, पाटलीणबाई.”

मी त्याला घरी नेला. त्यानं चार भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायला, आणि आमच्या सोप्यात पाय पसरून जो झोपला तो सांजच्या दिव्यालाच उठला. सून म्हणाली, आत्याबाई, जिवंत हायत नव्हं? मी म्हणाले, घोरतोय तवा हाय.

त्याच साली श्रावणात वारणा आली. मागच्या वेळेपेक्षा मोठी. पण पाणी चावडीपर्यंत यायच्या आधी कुरणवाडीत माणूस नव्हता. नदीकडची गल्ली आधी निघाली, मग खालची, मग आम्ही, सगळं मॅडमनी आखून दिलं होतं तसं. बाबू हजारेच्या घरात पाणी येणार नाही असं नकाशावर लिहिलेलं होतं, तरी तो सगळ्यांच्या आधी म्हस घेऊन माळावर हजर. शाळेचे नवे पत्रे एवढे वाजत होते की बोलणं ऐकू येत नव्हतं. एका वर्गात बायका-पोरं, एका वर्गात गडीमाणसं, ओसरीत जनावरं. चौथीच्या वर्गात मास्तरांच्या टेबलावर आईचा मुखवटा. त्याच्याखाली अंथरायला कुणाची गोधडी, ह्यावर बायकांची भांडणं झाली, आणि ती मी माझी गोधडी घालून मिटवली. माझी सून भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि तिच्या मांडीवर येसाआजीचं डोकं होतं. मी दर थोड्या वेळानं उठून माणसं मोजत होते आणि दर वेळी सगळी भरत होती. एवढं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

सकाळी पाऊस जरा थांबला. सगळे ओसरीच्या कठड्याशी येऊन खाली बघत उभे राहिले. गावाच्या जागी गढूळ पाणी, वरच्या गल्लीतली घरं, चावडीचं छप्पर, लाइटचे खांब, आणि काठाकडं देवळाचं शिखर. सर्जेराव हातातली कपबशी तशीच धरून बराच वेळ शिखराकडं बघत होते. मग त्यांनी शेजारी उभ्या केरबाला हळूच विचारलं,

“केरबा, शिरलं आसंल का रं आत?”

केरबानं एकदा खाली बघितलं. आपल्या बशीतला राहिलेला चहा सुर्रकन ओढला.

“शिरलं आसंल की,” तो म्हणाला. आणि बशी माझ्यापुढं केली. “च्या हाय का अजून, पाटलीणबाई?”